जळालेला रेग्युलेटर विक्रेत्याला परत पाठवू का?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब राखणारा पार्ट) मी स्वतः बदलला. असं काम पहिल्यांदाच करत होतो. दाब कमी-जास्त करता येणारा नवा रेग्युलेटर ऑनलाइन मागवला होता. बसवल्यावर गाडी दोन मिनिटं चालली, पेट्रोलचा वास आला आणि बॉनेटखाली भडका उडाला. आग लगेच विझवली, पण वायरिंग आणि नळ्या जळाल्या. विक्रेता म्हणतो, ‘पार्ट पाठवा, तपासून सांगतो, पण मेकॅनिककडून बसवलेला नसेल तर जबाबदारी आमची नाही.’ विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) तोंडी म्हणाला, ‘स्वतः उघडलंत ना, मग क्लेम विसरा.’ दोष माझाच धरला जाईल का?

उत्तर : पार्ट पाठवू नका. तुमच्या प्रकरणातला एकमेव निःपक्षपाती साक्षीदार तोच आहे आणि तुम्ही त्याला प्रतिपक्षाच्या घरी मुक्कामाला धाडायला निघाला आहात.

आग दोन तऱ्हांनी लागू शकते. जोडणीतली ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) चिमटली किंवा जुनीच परत वापरली, तर पेट्रोल बाहेरून पाझरतं. ही चूक बसवणाऱ्याची. आतला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटला, तर पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत उतरतं. नवा पार्ट दोन मिनिटांत असा फाटला, तर बोट बनावटीकडे जातं. कुठली ओ-रिंग चिरडली, डायफ्रॅम शाबूत आहे का, हे उघडल्यावर दिसतं. पण ते तुम्ही उघडायचं नाही आणि विक्रेत्यानेही नाही. जळालेली नळी, जुना रेग्युलेटर, खोका, सूचनापत्रक, बिल सगळं एकत्र ठेवा. ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तशी तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 मध्ये आहे. विक्रेत्याला लेखी कळवा की तपासणी दोघांसमोर किंवा आयोगामार्फतच होईल.

‘मेकॅनिकनेच बसवायला हवा होता’ हे पत्रकात किंवा विकताना कुठे लिहिलं होतं का, ते पाहा. आता फोनवर सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं. वापराच्या पुरेशा सूचना नसणं हेसुद्धा कलम 84 प्रमाणे उत्पादकाच्या दायित्वाचं कारण ठरतं. मात्र, पेट्रोल पेट घेतं ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. त्याचा इशारा दिला नाही म्हणून कलम 87 खाली उत्पादकाला पकडता येणार नाही. इंधन आत येणारं तोंड कुठलं आणि परत टाकीकडे जाणारं कुठलं, हे सांगितलंच नसेल, तर ते वेगळं. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर कलम 86 मुळे विक्रेता अडकतो. पण वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही पार्टला ड्रिल, कानस असं काही लावलं असेल, तर मला आत्ताच सांगा, उलटतपासणीत नको.

सर्व्हेअरच्या तोंडी शेऱ्याला किंमत नाही. नकार कारणांसह लेखी मागा. सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत आग आणि स्वयंप्रज्वलन यांचं नुकसान सहसा येतं. यांत्रिक बिघाड येत नाही. म्हणजे जळालेल्या वायरिंगसाठी मागा, रेग्युलेटरच्या किमतीसाठी नको. ते ‘गाडीची वाजवी काळजी घेतली नाही’ या अटीवर बोट ठेवतील. तिथे तुम्ही काय केलंत ते महत्त्वाचं : काम सुरू करण्याआधी पेट्रोलच्या पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून लाइनमधला दाब उतरवला होता? बॅटरीची तार सोडवली होती? सुरू करण्यापूर्वी फक्त चावी फिरवून, पंप चालवून गळती पाहिली होती? विझवायचं साधन हाताशी होतं, हे तुमच्या बाजूने आहे. काम करताना फोटो काढले असतील, तर मूळ फोनमध्येच जपा. स्वतः बसवल्याचं लपवू नका. खोटं निघालं तर क्लेमही जाईल आणि पार्टविरुद्धची तक्रारही लंगडी पडेल.

आरसीत इंधनाचा दाब नोंदलेला नसतो, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची (आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला मनाई) भीती कोणी घातली तर ती तुम्हाला लागू होणं अवघड दिसतं.

ग्राहक आयोगाकडे जायची मुदत 2 वर्षं, तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते. आधी विक्रेत्याला नोटीस द्या. बिल आणि पत्रकाची प्रत मला पाठवा, मसुदा करून देतो. तोवर गाडी सर्व्हेअरच्या पाहणीशिवाय दुरुस्तीला देऊ नका.