राजीनाम्यातला ‘राजी’ कोण?

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

आजीशी फोनवर बोलून झाल्यावर तू विचारलेस, की ‘राजी’ म्हणजे कबूल असलेला, तर नाराज होऊन पद सोडणाऱ्याच्या पत्राला राजीनामा का म्हणायचे? तुझी शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर नोकरीत नसून जुन्या मराठी न्यायपद्धतीत आहे.

‘राजी’ मूळचा अरबी आणि ‘नामा’, म्हणजे लेख, हा फारसी. दोन्ही मिळून संमतीचे पत्र. सुलतानी अमलात कारभारात रुळलेले असे कितीतरी शब्द पेशवाईतही टिकले.

त्या काळी पाटीलकीच्या वतनावरून भाऊबंदांत तंटा लागला, की तो अनेकदा गोतसभेपुढे जाई. परगण्यातले देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार मिळून ही सभा बसे. दोन्ही पक्षांनी राजीनामा लिहून द्यायचा, म्हणजे सभा जो निवाडा करील तो आपल्याला मान्य राहील असे कबूल करायचे आणि त्यासाठी जामीनही द्यायचा, अशी रीत होती. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी हकिकती, घेतल्या जात, साक्षी होत, जुने कागद पाहिले जात. पुरावा अपुरा पडला तर दिव्यही करावे लागे, अगदी उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा काढण्यापर्यंत. त्या प्रथेचे समर्थन मी कधीही करणार नाही. निर्णय झाला की महजर लिहिला जाई. आपल्या ‘हजर’ शब्दाचे आणि त्याचे अरबी मूळ एकच, कारण हजर असलेल्यांच्या साक्षीने झालेला तो कागद असे. ज्याला अक्षरओळख नसे तो कुणबी खाली नांगराची निशाणी करी. हरलेल्या पक्षाला येजितखत लिहून आपली हार मान्य करावी लागे.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आधी घेतलेला राजीनामा. निकालानंतर हरणारा आणि जिंकणारा या दोघांनाही त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर नांदायचे असे, आणि निवाडा टिकायचा तो मुख्यतः त्यांच्या कबुलीवर. तरीही कित्येक वतनांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले, हेही खरे.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातला खातेदार जमीन सोडताना सरकारला राजीनामा देई आणि ती नव्याने घेणारा कबुलायत लिहून देई. तंटा नसला, तरी आपल्या राजीखुशीने हक्क सोडतो हा अर्थ त्यात होताच, आणि जमिनीवरून हा शब्द पदाकडे वळला असावा असे मला वाटते. पद सोडणारा मनातून कितीही नाराज असला, तरी कागदावर तो स्वखुशीनेच सोडत असतो. तुझ्या प्रश्नातला ‘राजी’ तो हाच. हिंदी भाषिक प्रदेशातल्या न्यायालयांत मात्र राजीनामा म्हणजे आजही दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड, आणि पद सोडण्यासाठी तिथे ‘इस्तीफा’ हा वेगळा शब्द आहे.

तुझा,
बाबा