बुलबुल बघून एवढा काय आनंद!

"मॅडम, मला डिप्रेशन आलंय का, एवढंच सांगा." खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी विचारलं. वय 64, बँकेतून निवृत्त, तीसेक वर्षं पक्षीनिरीक्षण. दर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला भिगवणला जायचंच. यंदा मात्र उजनीच्या काठावर होडीत पाय ठेवतानाच त्यांना घरी परतावंसं वाटलं.

ही तक्रार घेऊन बरेच जण येतात. कुणाची पेटी कपाटावर जाऊन बसलेली असते, कुणाचा कॅमेरा बॅगेत. "इतकी वर्षं जीव लावला, आता मनच लागत नाही." म्हणून मी आधी झोप, भूक, घरातलं बोलणं-चालणं विचारते. काकांचं सगळं ठीक होतं. नातवाबरोबर कॅरम चालू होता, रविवारच्या नाटकाची तिकिटं काढलेली होती. मन उडालं होतं ते एकाच गोष्टीतून. (ते सगळ्यातूनच उडालं असेल, झोप-भूक बिघडून दोन आठवडे झाले असतील, तर छंदाच्या गप्पांत वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे जावं.)

खरं दुखणं दुसऱ्या भेटीत निघालं. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या बाईंनी अंधूक फोटो टाकला होता: "हा कोणता पक्षी? किती गोड!" फोटो बुलबुलाचा. काकांनी उत्तर दिलं, "आधी पुस्तक घ्या, मग ग्रुपवर या." बाई त्यानंतर गप्पच झाल्या. काकू म्हणाल्या, "तुम्ही खडूस झालात हो."

"बुलबुल बघून एवढा काय आनंद!" ते मला म्हणाले. आवाजात राग होता, पण मला त्यात हेवाच जास्त ऐकू आला.

मी त्यांना पहिली वही आणि आत्ताची वही, दोन्ही आणायला सांगितल्या. पहिली शंभर पानी, कोपरे दुमडलेले. तिच्यात एका पानावर बॉलपेनने काढलेलं वेडंवाकडं चित्र आणि खाली: "डोक्यावर काळा तुरा. शेपटीखाली लाल. मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. नाव माहीत नाही." नव्या वहीत त्याच पक्ष्याची एक ओळ: "लालबुड्या बुलबुल – 12."

काका दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. मीही काही बोलले नाही.

नाव कळलं की नजर पुढे सरकते, हे त्यांचं एकट्याचं नाही. मुरलेल्या बुद्धिबळपटूंवरचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पटावर ओळखीच्या पद्धतीने मात करता येत होती आणि त्याहून कमी चालींची दुसरी वाटही होती. ओळखीची वाट दिसल्यावर खेळाडू म्हणत होते की आम्ही आणखी चांगली चाल शोधतोय. पण डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तर नजर पुन्हा पुन्हा त्याच जुन्या घरांवर जात होती. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत. मला वाटायचं, मी बघतोय."

मग तेच पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींवर आले. 1930 मध्ये हाताशी नोकरी नसताना अली अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथे सुगरणीची घरटी बघत बसले. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत राहते; मग हा ते पुरं करून दुसरं विणायला घेतो. "साधी सुगरण हो! रानात कुणी वळूनही..." इथे काका अडखळले.

उपाय साधा होता, त्यांना तो कडू लागला. आधी त्या बाईंची माफी. मग दोन रविवार त्यांच्यासोबत नदीवर जायचं, पक्ष्याचं नाव त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि त्यांचे प्रश्न वहीत उतरवायचे. "आणि प्रश्न बावळट असले तर?" "तेही उतरवायचे."

पहिल्या रविवारी बाईंनी विचारलं, वेडा राघू माशी फांदीवर का आपटतो? हे काकांना येत होतं: मधमाशीची नांगी आणि विष काढून टाकायला. दुसरा प्रश्न आला, "धोबी शेपूट सारखी का हलवतो?" काका तोंड उघडून गप्प. त्यांनी हजारभर धोबी मोजले असतील, हा प्रश्न कधी पडला नव्हता. घरी पुस्तकं काढली, तर अभ्यासकांचंही एकमत नाही. शिकाऱ्याला 'मी सावध आहे' असं सांगण्यासाठी, असा एक अंदाज. पुढच्या रविवारी चाळीस मिनिटं एकच धोबी. वहीत वेळा, धोबी चालत होता की थांबला होता याच्या खुणा आणि मधेच: "बाईंनी डबा उघडला, पक्षी उडाला."

नवख्यांचं सगळंच मौल्यवान असतं असं मी म्हणणार नाही. त्या बाई घाईने ठोकून देतात, काकांच्या पक्क्या नजरेविना त्यांची वही चुकांनीच भरली असती.

तिसऱ्या भेटीनंतर काकांनी यायचं थांबवलं. जानेवारीत फोन आला. त्यांना कोणता नवा प्रश्न सतावतोय ते सांगितलं, सातभाई पक्ष्यांच्या भांडणाबद्दल काहीतरी होतं, मला नीट कळलं नाही. शेवटी म्हणाले, "पण मॅडम, त्या अजून कोतवालाला कोकीळ म्हणतात. तिथे मात्र मी तुमचा नियम मोडतो."