मिनी डीव्हीवरचं जुन्या लग्नाचं फुटेज एडियसमधून प्रीमियरमध्ये (दोन्ही एडिटिंगचे प्रोग्रॅम) नेलं की माणसं बारीक दिसतात. फ्रेम ताणून बसवू का?

ताणू नका. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून मॉडिफाय, मग इंटरप्रिट फुटेजमध्ये जा आणि पिक्सेल आस्पेक्ट रेशो (एका पिक्सेलच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण) ‘डी१/डीव्ही पाल’ करा; पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत. कॅमेऱ्यातच 16:9 (रुंद फ्रेम) लावून शूट केलं असेल तर त्याचा वाइडस्क्रीन प्रकार निवडा. 720×576 च्या डीव्हीचे पिक्सेल मुळात चौरस नसतात. एडियसला ते ठाऊक होतं, पण मधल्या फाईलबरोबर तो आकडा पुढे गेला नाही, म्हणून प्रीमियरने चौरस धरले. रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये हीच गोष्ट क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये मिळेल.

आता ‘ताणून बसवू का’बद्दल. आमचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं (एडिटिंगचं) दुकान होतं, भागीदारीत. घरोघरी एलसीडी टीव्ही आले आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे कशाला? भागीदाराने लगेच 4:3 चं (जुन्या टीव्हीच्या आकाराचं) सगळं काम रुंदीत ताणून 16:9 करून द्यायला सुरुवात केली. मी म्हणायचो, अरे, नवरी आडवी होतेय. तो म्हणायचा, खात्यापित्या घरची वाटते! एका लग्नात मंगलाष्टकांच्या शॉटमध्ये नवरदेवाच्या मागे कार्यालयाचं गोल घड्याळ होतं, अगदी कॅमेऱ्यासमोर. मी फ्रेम थांबवून मॉनिटरवर फूटपट्टी लावली. उंची 12 सेंटीमीटर, रुंदी 16. त्यावर साहेबांचं उत्तर: लग्नात घड्याळ कोण बघतं?

बरं, मूळ कॅसेट तरी ठेवायची. ती पुसून पुढच्या लग्नाला वापरायची, असा त्याचा काटकसरी कारभार. पट्टे ज्याच्या डोळ्यांत खुपतात त्याने घरी रिमोटवर झूमचं बटण दाबावं, ते तेव्हाही होतं. त्यासाठी फाईलच कायमची बिघडवणं हा शुद्ध आळस.

दुसरं भांडण 2008 चं. अ‍ॅडोबीने प्रीमियरच्या सीएस4 आवृत्तीत 4:3 पालच्या पिक्सेलचा आकडा 1.067 वरून 1.094 केला आणि आमची 768×576 ची सगळी टायटलं दोन्ही कडांना नऊ-नऊ पिक्सेल कमी पडायला लागली. हा तीही ताणायला निघाला. अरे बाबा, 720 पैकी खरं चित्र 702 पिक्सेलांचं, बाकीची कडेची सोय. 702 ला 1.094 ने गुण, 768 च येतात! टायटलं बरोबरच होती. तुमच्याकडे एका प्रोग्रॅममध्ये जुना आणि दुसऱ्यात नवा आकडा असला तर फरक अडीच टक्क्यांचा. नुसत्या डोळ्यांना तो कळणार नाही, पण एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ आले की कटवर चेहरा हलतो. म्हणून कोणताही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मी 1.094 धरतो.

हे सगळं एडिटिंगपुरतं. नेटवर टाकायची किंवा मोबाईलवर पाठवायची फाईल चौरस पिक्सेलांचीच द्या: रुंदी 720 ची 788 करा, दोन्ही कडांचे दहा-दहा कापा (मूळचे नऊ चौरस झाल्यावर दहा भरतात), 768×576 उरेल. हे अगदी शेवटी, एकदाच. उंचीला मात्र हात लावू नका. फुटेज इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची; आधी डीइंटरलेस न करता (ती दोन नीट एक न करता) उंची बदललीत तर हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दात येतील. एचडीव्हीचं (तशाच कॅसेटवरच्या एचडीचं) 1440×1080 असेल तर आकडा 1.333, तिथे हा 702 चा घोळ नाही.

आणि कुणी आधीच ताणलेली 16:9 फाईल आणून दिली, तर रुंदी 75 टक्के करा, माणसं परत माणसांसारखी दिसतात. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांची मुलं आता त्याच कामासाठी माझ्याकडे येतात. काही लग्नांत भागीदाराने ताणण्याऐवजी वरून-खालून कापून 16:9 केलं होतं. त्यावर इलाज नाही, फेटे गेले ते गेलेच.