वाळूच्या बेटांवर एकटीने, तंबूसह

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला जाणार आहे. तेथे नॉर्थ कॅरोलिनाच्या आउटर बँक्स बेटांवर एकटीने मोटारीने फिरून तंबूत राहावे, असे मनात आहे. कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बेत उत्तम आहे. घरचे कुरकुरतील, पण खरी काळजी वाऱ्याची करावी. ही बेटे म्हणजे समुद्र आणि खाडी यांमधील वाळूचे अरुंद पट्टे असल्याने तंबूला नेहमीच्या आखूड खुंट्या टिकत नाहीत, लांब खुंट्याच न्याव्यात. डासांचा उपद्रवही असतो. वादळात १२ क्रमांकाच्या महामार्गावर पाणी आणि वाळू येऊन तो बंद पडतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर टाळावेत.

किल डेव्हिल हिल्स येथे, राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जेथून उड्डाण केले तेथे, अवश्य थांबावे. केप हॅटरसचा दीपस्तंभ मात्र सवडीने पाहावा : किनारा खचत समुद्र जवळ आल्याने १८७० मधील ही विटांची वास्तू १९९९ मध्ये अखंड उचलून, रुळांवरून सरकवत, सुमारे ८८० मीटर आत नेण्यात आली. पुढे ओक्राकोक बेटावर मोटारीसह फेरीबोटीने जाता येते. तंबूची जागा आधीच आरक्षित करावी.