टाउन, त्साउन आणि तौन हे एकाच शब्दाचे तीन अवतार आहेत का?

तुम्ही विचारलंय की जर्मनमध्ये 'त्साउन' म्हणजे कुंपण, डचमध्ये 'तौन' म्हणजे बाग आणि इंग्रजीत 'टाउन' म्हणजे शहर. हे शब्द खरंच एक आहेत की नुसता योगायोग? एकच आहेत. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्याची गोष्ट मी कोकणात आजोळी डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्याकडे येतोच.

आधी उच्चार. आपल्या दोन, दहा, दात यांतल्या 'द'चा इंग्रजीत 'ट' होतो : टू, टेन, टूथ. जर्मन आणखी एक पायरी पुढे जाते : त्स्वाय, त्सेन, त्सान. म्हणून टाउनचा त्साउन. स्वराचंही तसंच. उंदीर इंग्रजीत माउस, जर्मनमध्येही माउस, डचमध्ये साधारण मौस, आणि आइसलँडिकमध्ये जुना 'ऊ' टिकवून मूस. (आपला मूषक याच घरातला.) आता टाउन, त्साउन, तौन म्हणून बघा, आइसलँडिकमध्ये काय असेल ते तुम्हीच सांगाल. 'तून'!

मुळात हा शब्द कुंपणाचा आणि कुंपणाने घेरलेल्या जागेचा. जर्मन कुंपणापाशीच थांबली. डच आत शिरली आणि बागेत रमली. नॉर्वेत 'तून' म्हणजे शेतघर आणि गोठे यांच्या मधलं अंगण, आइसलँडमध्ये घरालगतचं खत घालून राखलेलं गवताचं रान. इंग्रजीत आधी एका शेतकऱ्याचं आवार, मग वस्ती, मग शहर. इंग्लंडमधल्या कितीतरी गावांच्या नावांत शेवटी येणारा 'टन' हाच : सटन म्हणजे दक्षिणेकडची वस्ती, नॉर्टन उत्तरेकडची, प्रेस्टन पाद्र्यांची.

डचमध्ये मात्र जुना अर्थ एका वाक्प्रचारात अडकून राहिलाय. एखाद्याला फसवणं म्हणजे त्याला 'तौनभोवती फिरवणं'. बाग म्हटलं तर काहीच बोध होत नाही. कुंपण म्हणा, की चित्र उभं राहतं : माणसाला बाहेरून कडेकडेने फिरवत ठेवायचं, आत जायची वाट दाखवायचीच नाही. जुन्या डच नाण्यांवरही 'हॉलंडची तौन' दिसते, आणि ती फुलझाडांची बाग नसते; विणलेल्या फांद्यांचं गोल कुंपण असतं.

केल्टिक भाषांत (आयरिश, वेल्श यांच्या कुळात) याच्याशी जुळणारा 'दून' आहे, अर्थ किल्ला. फ्रान्समधल्या लिआँचं जुनं नाव लुगदूनम, त्यातला 'दून' तोच. जर्मानिक लोकांनी, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी या भाषा ज्यांच्या बोलीतून आल्या त्यांनी, हा शब्द केल्टांकडून फार पूर्वी, 'द'चा 'ट' होण्याआधीच उचलला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

आता आजोळ. आमच्याकडे पावसाळा सरला की आजोबा वई, म्हणजे कुंपण, घालायला घ्यायचे. मोगली एरंडाच्या काठ्या रोवायच्या, त्यांना आडवे चिवे (बारीक बांबू) लावायचे आणि सुंभाने करकचून बांधायचं. त्या वईच्या आत नारळ-पोफळी. त्या जागेला आम्ही म्हणायचो वाडी : "आजोबा वाडीत शिंपणं करतायत." आणि त्याच तोंडाने, "खालच्या वाडीतली माणसं आलीत." पहिली वाडी बाग, दुसरी वस्ती. संस्कृतातला 'वाट' म्हणजे कुंपण, आवार. आपले वाडी आणि वाडा त्यातूनच आले. 'तून'शी या शब्दाचं रक्ताचं नातं नाही, तरी कुंपणापासून बागेपर्यंत आणि बागेपासून वस्तीपर्यंतचा रस्ता दोघांनी आपापला चालून काढला. जर्मन, डच आणि इंग्रजीने वाटून घेतलेला प्रवास मराठीत एका शब्दाने केलाय.

मुंबईत असाल तर गिरगावात फणसवाडीला जाऊन या. तिथे आता चाळी आणि इमारती आहेत, पण नावात फणस अजून उभा आहे.