जिमी रॉजर्सच्या लेखाला संदर्भ जोडताना

प्रिय नव्या संपादकास,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी कंट्री गायक जिमी रॉजर्सवरचा, मराठी विकिपीडियासाठीचा तुझा मसुदा धूळपाटीवर, म्हणजे तुझ्या सरावाच्या पानावर, वाचला. भाषा ओघवती आहे, पण संदर्भांची अवस्था पाहता आठवडाभरात अर्ध्या वाक्यांना ‘संदर्भ हवा’चा साचा (तयार सूचनापट्टी) चिकटेल. मसुदा मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञानकोशात, हलवण्याआधी एवढं करून घे.

इंग्रजी विकिपीडियाचा लेख संदर्भ म्हणून दिला आहेस, तो आधी काढ. एक विकिपीडिया दुसऱ्याचा साक्षीदार होऊ शकत नाही. तिथला मजकूर अनुवादित केला असेल, तर संपादन सारांशात (बदल जतन करतानाच्या टिपेत) मूळ लेखाचा दुवा देऊन तसं नोंदव. विकिपीडियाच्या मुक्त परवान्याचीच ती अट आहे. अनुवादाच्या साधनाने तळटिपा आपोआप ओढून आणल्या आहेत, त्यांच्यावरही विसंबू नकोस. एकेक उघड आणि त्या पानावर ते विधान खरंच आहे का ते बघ. नसेल तर दुसरा स्रोत शोध. तोही मिळाला नाही तर विधान गाळ. दुवा मेला असेल तर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात बहुधा प्रत असते, ती जोड.

स्रोत सरसकट चांगला किंवा सरसकट वाईट असं नसतं. तो कशाबद्दल बोलतोय आणि ते त्याला कुठून कळलं, यावर त्याची किंमत ठरते. रॉजर्सच्या पत्नीने, कॅरी रॉजर्सने, १९३५ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर दोनच वर्षांनी, त्याच्यावर पुस्तक लिहिलं. घर, आजारपण, ओढग्रस्तीचे दिवस यांसाठी ते जरूर वापर, पण ‘कॅरी यांच्या आठवणीनुसार’ असं वाक्यातच म्हण. विक्रीच्या आकड्यांसाठी ते नको. आयुष्याचा सांगाडा नोलन पोर्टरफील्ड यांच्या चरित्रावर उभा कर. ते १९७९ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. दर वेळी पान क्रमांक दे. पान क्रमांकाशिवाय पुस्तकाचा हवाला म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून नुसतं ‘पुणे’ लिहिणं. गुगल बुक्सवरच्या दोन ओळींच्या तुकड्यावरून कधीही संदर्भ देऊ नकोस. पुढच्याच ओळीत लेखकाने ‘असा समज आहे, पण’ म्हटलेलं असू शकतं.

ध्वनिमुद्रणांच्या तारखांसाठी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांचा सूचिसंग्रह उघड. मॅट्रिक्स क्रमांक (मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक), टेक (कितवा प्रयत्न), ठिकाण, तारीख हे सगळं तिथे मिळतं. तू पहिल्या ध्वनिमुद्रणाची तारीख ८ एप्रिल १९२७ दिली आहेस. चूक कुठून आली ते उघड आहे: तिथे ती ८/४/१९२७ अशी असते आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. ते ध्वनिमुद्रण ४ ऑगस्टचं आहे. त्या स्रोतावरून घेतलेल्या सगळ्या तारखा पुन्हा तपास, विशेषतः दिवस बारापर्यंतचा असलेल्या. बाराच्या पुढे चूक आपोआप उघडी पडते. तबकडी बाजारात आली ऑक्टोबरमध्ये. ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन या दोन घटना आहेत, एका वाक्यात कोंबल्यास तर टीप नेमकी कोणत्या तारखेची हे कुणालाच कळणार नाही.

ठिकाणातही गोम आहे. ब्रिस्टल शहराच्या मुख्य रस्त्यातूनच टेनेसी आणि व्हर्जिनियाची सीमा जाते. ध्वनिमुद्रण निर्माता राल्फ पीअरने व्हिक्टर या तबकडी कंपनीसाठी तात्पुरता स्टुडिओ थाटला तो टेनेसीच्या बाजूला; त्या घटनेचं आजचं संग्रहालय मात्र व्हर्जिनियाच्या बाजूला आहे. मसुद्यात व्हर्जिनिया आलंय ते बहुधा संग्रहालयाच्या पत्त्यावरून.

‘ब्लू योडेल’ या गाण्याबद्दल दोन वाक्यं लिहिली आहेस: ‘१९२८ मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर’ आणि ‘गोल्ड रेकॉर्ड’. दोन्ही काढ. बिलबोर्ड या नियतकालिकाची या संगीतासाठीची पहिली लोकप्रियतेची यादी जानेवारी १९४४ मधली, आणि अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेची गोल्ड प्रमाणपत्रं सुरू झाली १९५८ मध्ये. रॉजर्स वारला २६ मे १९३३ रोजी. त्या काळाचे क्रमांक दिसतात ते नंतरच्या संकलकांनी मागे जाऊन बसवलेले अंदाज आहेत. विक्रीचंही तेच. कुठे पाच लाख प्रती, कुठे दहा लाख. बहुतेक ठिकाणी एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं असतं, कधीकधी विकिपीडियावरूनच, आणि मग तेच पान आपल्याकडे ‘संदर्भ’ म्हणून परत येतं. अशा वेळी आकडा देणाऱ्या लेखाचं वर्ष बघ आणि इंग्रजी विकिपीडियाच्या लेखाच्या इतिहासात तो आकडा कधी घुसला ते बघ. विकिपीडियात आधी असेल, तर तो स्रोत बाद. विश्वासार्ह स्रोतांतच मतभेद असतील तर दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या नावावर दे. सरासरी काढणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

जन्मस्थळाचंही असंच आहे. सहसा मिसिसिपीतलं मेरिडियन दिलं जातं. पण नंतर त्याने स्वतः सही केलेल्या कागदपत्रांत अलाबामातलं गायगर आहे. कागद हाती लागला म्हणून तू निवाडा करू नकोस. ते मूळ संशोधन, म्हणजे स्वतःचाच निष्कर्ष, ठरेल, आणि माणसं स्वतःच्या जन्माबद्दलही चुकीचं लिहून देतात. चरित्रकार काय म्हणतो ते सांग, दोन्ही गावं मजकुरात ठेव आणि माहितीचौकटीत ‘वादग्रस्त’ लिहून टीप जोड.

१६ जुलै १९३० च्या ‘ब्लू योडेल नं. ९’मध्ये ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा आहे, हे तू तबकडीच्या छायाचित्राचा दाखला देऊन लिहिलंस. वाक्य खरं आहे, पण दाखला निरुपयोगी, कारण लेबलवर आर्मस्ट्राँगचं नावच नाही! लेबल क्रमांक आणि गायकाच्या नावापुरतं साक्षीदार. वादक कोण होते यासाठी चरित्र किंवा सूचिसंग्रह लागेल.

‘कंट्रीत योडेल (आवाज झटक्यात खालून वर नेण्याची गायकी) गाणारा पहिला’ हे तर टिकणारच नाही. रायली पकेट या गायकाचं योडेल १९२४ मध्येच तबकडीवर आलं होतं. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वश्रेष्ठ’ हे शब्द मसुद्यात शोधून काढ आणि प्रत्येकापुढे विचार, कोण म्हणतं? ‘कंट्री संगीताचा जनक’ ही उपाधी ठेवायला हरकत नाही, पण ती दिली जाते असं लिही. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्या पहिल्या तिघांत तो होता, एवढं सांगितलं की थोरवी आपोआप कळते.

नावाच्या घोळाबद्दल आणखी एक. १९५७ मध्ये गाजलेला पॉप गायक जिमी रॉजर्स हा दुसरा माणूस, आणि योगायोगाने त्याचा जन्मही १९३३ चाच. मराठीत लिहिल्यावर ब्लूज गिटारवादक जिमी रॉजर्सही त्याच नावाचा होतो. शीर्षकात कंसात ‘कंट्री गायक’ टाक, निःसंदिग्धीकरण पान (सारख्या नावांचे लेख वेगळे दाखवणारं) कर आणि मसुद्यात लावलेलं चित्र कोणाचं आहे ते तपास. रंगीत छायाचित्र पाहून शंका यायलाच हवी होती. गाणी कॉमन्सवर (विकिमीडियाच्या मुक्त माध्यमांच्या साठ्यावर) चढवू नकोस: अमेरिकेत १९२७ मध्ये प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२८ ला प्रताधिकारमुक्त होतील.

डिस्कॉग्स, फाइंड अ ग्रेव्ह, आयएमडीबी या संकेतस्थळांवर कुणीही नोंद करू शकतं, म्हणून ते शोधाला वापर, हवाल्याला नको. ऑलम्युझिक या संकेतस्थळावरचं, लेखकाचं नाव असलेलं चरित्र एकवेळ चालेल, कडेच्या पट्टीतले संगीतप्रकार नाहीत. जुनी वृत्तपत्रं विकिपीडिया लायब्ररीतून मोफत वाचता येतात, पण त्यासाठी खातं सहा महिने जुनं आणि पाचशे संपादनं लागतात. तोवर इंटरनेट आर्काइव्हवर पुस्तकं उसनी घे.

मजकूर एकदम ओतू नकोस. एका वेळी एक विभाग, सोबत नेमका सारांश, म्हणजे एखादी गोष्ट कुणाला पटली नाही तर तेवढीच उलटवली (मागे घेतली) जाईल. कुणी उलटवलीच तर परत टाकण्याआधी चर्चा पानावर स्रोत मांड. एकच पुस्तक वारंवार येतंय, तर संदर्भ टॅगला नाव दे आणि पान क्रमांक वेगवेगळे ठेव.

केनियाचा परिच्छेद मात्र फेकू नकोस. लोकसंगीत संग्राहक ह्यू ट्रेसीने १९५० मध्ये तिथल्या किप्सिगिस लोकांकडून ‘चेमिरोचा’ची, म्हणजे त्यांच्या उच्चारातल्या ‘जिमी रॉजर्स’ची, गाणी ध्वनिमुद्रित केली, हे पक्कं आहे. त्या लोकांनी रॉजर्सला अर्धा माणूस, अर्धा प्राणी मानलं, ही गोष्ट मात्र ट्रेसीच्या नोंदींतून पसरली आहे. ती त्याच्याच नावावर सांग आणि ‘वारसा’ विभागात तीन ओळींत आटप. एवढं झालं की मसुद्याचा दुवा माझ्या चर्चा पानावर टाक.

तुझा,
एक जुना सदस्य