गाडगेबाबा नास्तिक होते का?

छे! कीर्तनात ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’चा गजर करणारा माणूस नास्तिक कसा असेल? त्यांचं भांडण होतं ते नवसाला बकरं कापण्याशी, कर्ज काढून सण-लग्नं करण्याशी आणि शिवाशिवीशी. सुरुवात घरातूनच केली. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोडाचं जेवण वाढलं. (भावकीची तोंडं कशी झाली असतील, विचार करा!) गावात शिरले की आधी हातात खराटा, दिवसभर झाडलोट, मग रात्री कीर्तन. त्यातही प्रवचन कमी, प्रश्न जास्त. उत्तर समोरच्या अडाणी माणसाच्याच तोंडून वदवून घ्यायचे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि नंतर ती बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली.